जोड कुठे, जोर कुठे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही देऊन टाकला होता. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, परदेशात आहेस, तर एआयवर पंधरा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, त्यावर बोलणारे इथे प्रत्येक रांगेत दोन-दोन आहेत. मी अशा विषयावर बोलते ज्यात मी सपशेल नापास झाले होते. दहावीत आपल्या बॅचमध्ये कोण कशात नापास झालं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण माझं हे नापास होणं नेदरलँड्समध्ये झालं, त्यामुळे ते अजून कोणाला कळलेलं नाही. विषय आहे डच भाषेतले जोडशब्द. ते कुठे तोडायचे आणि उच्चारताना जोर कुठे द्यायचा.

घाबरू नका. सुरुवात इथूनच करते.

सकाळी नाव नोंदवायच्या टेबलाशी ‘आजीवन सदस्य’ असा फलक होता. घाईत मी तो ‘आजी-वन सदस्य’ असा वाचला. क्षणभर वाटलं, शाळेच्या मागे आज्यांसाठी बाग केलीय की काय! मग लक्षात आलं, जोड चुकला. ‘आ’ आणि ‘जीवन’ असा विग्रह आहे, ‘आजी’ आणि ‘वन’ असा नाही. अर्थात अजून दहा-पंधरा वर्षांनी माझंही वाचणं बरोबर ठरेल.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून सांगायला जरा संकोच वाटतो. पण आठवतंय का, बाईंनी एकदा फळ्यावर ‘दिवाकर’ लिहिलं आणि विचारलं, हे नाव आहे की आज्ञा? आम्ही गोंधळलो. दिवाकर म्हणजे सूर्य. पण मध्ये रेघ मारली की आई संध्याकाळी सांगते ते, दिवा कर. बाई म्हणाल्या होत्या, ‘जोड सापडला की अर्थ सापडतो.’ हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न. मग नवऱ्याच्या बदलीमुळे नेदरलँड्सला गेलो आणि तिथे हे वाक्य पुन्हा माझ्या समोर येऊन उभं राहिलं.

डच लोक दोन-तीन नामं एकत्र आली की सरळ जोडून लिहितात. मध्ये मोकळी जागा नाही, बहुतेक वेळा आडवी रेघही नाही. ‘स्खोल’ म्हणजे शाळा, ‘प्लाइन’ म्हणजे पटांगण. झाला ‘स्खोलप्लाइन’. आपल्या समासासारखंच. आणि तत्पुरुषात जसं दुसरं पद प्रधान, तसंच तिथेही. शेवटचा शब्द सांगतो की वस्तू कोणती, आधीचा सांगतो की कसली. ‘कू’ म्हणजे गाय, ‘मेल्क’ म्हणजे दूध. ‘कूमेल्क’ म्हणजे गाईचं दूध, आणि ‘मेल्ककू’ म्हणजे दुभती गाय. तेच दोन शब्द, पण एक पेल्यात ओततात आणि दुसरी गोठ्यात बांधतात.

आता ही गाडी दोन डब्यांवर थांबत नाही. आजारपणामुळे काम करता येईनासं झालं तर मिळणाऱ्या विम्याला एकच शब्द आहे: ‘आरबाइट्सऑनखस्खिक्टहाइट्सफरझेकरिंग’. रोमन लिपीत ३३ अक्षरं. मी पहिल्यांदा हा शब्द कागदावर पाहिला तेव्हा मला वाटलं, कोणाचा तरी स्पेसबार बिघडलाय. पण विग्रह केला की भीती जाते. काम, अपात्रता, विमा. दोन जोडांवर दोनदा एकेक ‘एस’ घातलाय, शिवणीत दोरा घालावा तसा. बाईंची कृपा, मी तो अर्ज भरला.

मोकळी जागा सोडली तर अर्थही बदलू शकतो. ‘लांगआफस्टांट्सलोपर’ जोडून लिहिलं तर लांब पल्ल्याचा धावपटू. ‘लांग’ नंतर जागा सोडली तर लांब पल्ला जातो आणि उंच धावपटू उरतो, कारण त्यांच्याकडे माणसाची उंचीही ‘लांग’ असते. इंग्रजीच्या नादाने लोक हल्ली जागा सोडायला लागले आहेत आणि भाषाप्रेमी डच मंडळी त्यावर तक्रारी करत असतात. थोडक्यात, शुद्धलेखनाचे वाद सगळीकडेच आहेत.

सगळं जोडून लिहिलं की जोड दिसत नाही, तो शोधावा लागतो. आणि काही शब्दांत तो दोन ठिकाणी सापडतो. ‘व्हालकाउल’ हा शब्द घ्या. ‘व्हाल’ आणि ‘काउल’ असा तोडला तर शिकारीसाठी खणलेला खड्डा. ‘व्हाल्क’ आणि ‘आउल’ असा तोडला तर ससाणा-घुबड. ‘क्वार्टस्लाखन’ म्हणजे पाव-पाव फेरे, किंवा क्वार्ट्झ खडकाचे थर. आणि ‘डाइकराम्प’. ‘डाइक’ म्हणजे समुद्र अडवणारा बांध, ‘राम्प’ म्हणजे आपत्ती. पण ‘डाइ’ आणि ‘क्राम्प’ असं वाचलं तर मांडीत आलेला पेटका. आपण हसतो. पण ज्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे तिथे पहिला अर्थ गमतीचा नाही. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळात नैर्ऋत्येकडचे बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसं गेली. जोड एका अक्षराने सरकला की त्या रात्रीचा मांडीतला गोळा होतो.

आता यात माझं काम काय? छापील ओळीत किंवा मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्द मावला नाही की तो तोडून उरलेला भाग खालच्या ओळीत न्यावा लागतो. डच शब्द लांबलचक, त्यामुळे हे सतत होतं. साध्या शब्दाचा नियम सोपा आहे. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात जातं, दोन असतील तर एक इकडे, एक तिकडे. पण जोडशब्दात आधी जोडावर तोडायचं, मग आतल्या शब्दांचं बघायचं. हे माणसाला कळतं. संगणकाला जोड दिसत नाही, त्याला फक्त अक्षरांची रांग दिसते.

यावर एक फार सुंदर उपाय आहे. टेक नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी फ्रँकलिन लिआंग यांनी तो काढला आणि १९८३ साली स्टॅनफर्डमध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्यात संगणकाला व्याकरण शिकवत नाहीत. बरोबर तोडलेल्या शब्दांच्या मोठ्या यादीतून छोटे छोटे अक्षरगट काढतात आणि अक्षरांच्या मध्ये आकडे ठेवतात. विषम आकडा म्हणजे इथे तोडायला हरकत नाही, सम आकडा म्हणजे इथे तोडू नका. दोन गटांचं भांडण झालं तर मोठा आकडा जिंकतो. कल्पना इतकी साधी की वहीत करून बघता येते. पण तरीही तो अंदाजच. यादीत नसलेला नवा जोडशब्द आला की अंदाज चुकू शकतो, आणि जिथे एकाच लिखाणाचे दोन विग्रह होतात तिथे तर आकड्यांनाही काही कळत नाही. मग आम्ही काय करतो? शब्दात जोडाच्या जागी एक अदृश्य चिन्ह घालून ठेवतो. शब्द ओळीत मावला तर ते दिसत नाही. मावला नाही तर तिथेच आडवी रेघ येते आणि शब्द तिथेच तुटतो. थोडक्यात, बाई फळ्यावर रेघ मारायच्या, मी तीच रेघ मारते, फक्त ती कोणाला दिसत नाही आणि मला त्याचा पगार मिळतो.

रजेच्या अर्जात मी या मेळाव्यासाठी डच शब्द लिहिला, ‘रेयुनी’. डचमध्ये ई आणि यू ही रोमन अक्षरं शेजारी आली की त्यांचा मिळून एकच स्वर होतो. इथे तो व्हायला नको, म्हणून यूच्या डोक्यावर दोन टिंबं देतात. पण शब्द ओळीच्या शेवटी तुटला, ‘रे’ वर राहिलं आणि बाकीचं खाली गेलं, तर ती टिंबं काढून टाकायची. तोड डोळ्यांना दिसतेच आहे, टिंबांचं काम संपलं. भाषेतले असे नियम कळले की मला कोणी तरी नीट घडी घातलेलं कापड हातात दिल्यासारखं वाटतं.

तर जोडाच्या बाबतीत मी पास होते. नापास झाले ते पुढच्या पेपरात.

तो पेपर म्हणजे आघात. कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा. मराठीत आपण लघु-गुरु शिकलो, यमाताराजभानसलगं घोकलं, मात्रा मोजल्या. पण ते वजन म्हणजे जोर नव्हे. ‘मी गेले होते’ यात आपण ‘मी’ वर जोर देऊ शकतो, ‘गेले’ वर देऊ शकतो, रोख बदलतो, पण शब्द तेच राहतात. एका शब्दाच्या आत जोर हलवून मराठीत निराळा शब्द तयार होत नाही. त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. आपण प्रत्येक तुकड्याला साधारण सारखंच वजन देत बोलतो. डच कानाला मात्र तो जोर लागतो.

नियम म्हटलं तर एका ओळीचा आहे. जोडनामात मुख्य जोर पहिल्या शब्दावर. ‘कूमेल्क’ मध्ये ‘कू’ वर, ‘मेल्ककू’ मध्ये ‘मेल्क’ वर. त्या ३३ अक्षरांच्या विम्यातसुद्धा जोर अगदी सुरुवातीच्या ‘आर’ वर, बाकी सगळं त्याच्यामागून फरफटत येतं. म्हणजे अर्थाचा कणा शेवटी आणि आवाजाचा जोर सुरुवातीला. मग येतात अपवाद. ‘स्टाटहाउस’, म्हणजे नगरपालिकेची इमारत, त्यात जोर ‘हाउस’ वर. ‘बूरनकोल’ ही थंडीतली त्यांची लाडकी पालेभाजी, जोर ‘कोल’ वर. आम्सटरडाम आणि रॉटरडाम ही नावं आम्सटल आणि रॉट या नद्यांवरच्या बांधांवरून आली, आणि दोन्हींत जोर शेवटच्या ‘डाम’ वर, म्हणजे बांधावर.

माझी पहिली फजिती भाषेच्या वर्गात झाली. ‘फोरनाम’ म्हणजे स्वतःचं नाव, आडनाव सोडून. जोर ‘फोर’ वर. जोर ‘नाम’ वर दिला तर अर्थ होतो प्रतिष्ठित, खानदानी. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, आपलं नाव काय? आणि जोर दिला ‘नाम’ वर. ते म्हणाले, ‘नाही हो, मी साधा सुतार आहे.’ वर्ग हसला, मीही हसले. पण का हसले ते मला घरी जाऊन शब्दकोश बघेपर्यंत कळलं नव्हतं.

मोठी फजिती पुढे आठ वर्षांनी झाली. तोवर मी डचची परीक्षा पास झाले होते, ऑफिसातल्या बैठका डचमध्ये करत होते. आमच्या गटाने एका वृद्धनिवासासाठी सूचना वाचून दाखवणारी प्रणाली केली होती. ज्यांना नीट दिसत नाही अशा आजी-आजोबांच्या खोलीत छोटा स्पीकर, आणि कार्यालयाने लिहिलेली सूचना तो मोठ्याने वाचणार. डच उच्चार तपासण्याची जबाबदारी मी मागून घेतली होती. मला दाखवून द्यायचं होतं की मी हे करू शकते.

एक दिवस पुढच्या दाराची दुरुस्ती निघाली. कार्यालयाने सूचना लिहिली: पुढचं दार बंद आहे, कृपया ‘आख्टरआउटखांग’ वापरावा. ‘आख्टर’ म्हणजे मागे, ‘आउटखांग’ म्हणजे बाहेर जायची वाट. मागचं दार. जोर पहिल्या तुकड्यावर, ‘आख्’ वर. पण हाच शब्द दुसऱ्या जागीही जोडता येतो. ‘आख्टरआउट’ म्हणजे मागे मागे, ‘खांग’ म्हणजे जाणं. मागे मागे जाणं, म्हणजे ऱ्हास, प्रकृती खालावत जाणं. तेव्हा जोर तिसऱ्या तुकड्यावर, ‘आउट’ वर. लिहायला दोन्ही अगदी एकसारखे. आमच्या यंत्राने दुसरा उच्चार केला. मी तो ऐकला होता, आणि ‘बरोबर’ म्हणून खूण केली होती.

त्या निवासात एक बाई राहायच्या. तिथे मोठ्या बाईमाणसाला ‘मेव्ह्राऊ’ म्हणतात, मी त्यांना तेच म्हणायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजवर काम केलेलं, आता नजर गेलेली, पण कान शाबूत. त्यांनी कार्यालयात निरोप पाठवला: ‘तुमचं यंत्र म्हणतंय, पुढचं दार बंद आहे, तेव्हा कृपया ऱ्हासाचा वापर करावा. माझ्या वयात तो मी रोजच करते.’

ऑफिसात सगळे खूप हसले. मी ते रेकॉर्डिंग पाच वेळा ऐकलं. मला फरक ऐकूच आला नाही. शेजारी बसणारा पंचविशीतला डच मुलगा म्हणाला, ‘हे तर उघड आहे.’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जे त्याला उघड होतं ते मला आठ वर्षांनंतरही बंद होतं. त्या रात्री मला खरंच वाटलं की आपण इथे नुसता अभिनय करतोय. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितलं, चूक यंत्राची नाही, माझी आहे, मला ते ऐकू येत नाही.

मग मी त्या मेव्ह्राऊंकडे माफी मागायला गेले. त्यांनी माफीबिफी काही ऐकली नाही. कॉफीचा चमचा हातात घेतला आणि टेबलावर वाजवायला लागल्या. ढम्, टक, टक, टक. हे मागचं दार. टक, टक, ढम्, टक. हा ऱ्हास. ‘शब्द ऐकू नकोस, ठेका ऐक,’ त्या म्हणाल्या. त्यानंतर बरेच महिने मी दर गुरुवारी जायचे. त्या शब्द म्हणायच्या, मी चमचा वाजवायचा. चुकलं की त्या नुसतं ‘हं’ म्हणायच्या. कधी कधी मी त्यांना मराठी शब्द सांगायचे. ‘फुलपाखरू’ त्यांना फार आवडायचा. मी सांगितलं, यातही जोड कळला नाही तर उच्चार चुकतो. आपण ‘फुल्-पाखरू’ म्हणतो, ‘फुलपा-खरू’ म्हणत नाही. त्या दहा वेळा म्हणाल्या आणि दहाही वेळा पहिल्या तुकड्यावर ढम् दिला.

यंत्राचं काय केलं, असं इथले इंजिनिअर विचारतील. आम्ही दोन आठवडे डोकं खाजवलं. आजूबाजूचे शब्द बघून अर्थ ठरवायचा का, उच्चारांचा वेगळा कोश करायचा का. शेवटी मेव्ह्राऊंनीच सुचवलं, ‘अगं, सरळ आख्टरड्योर लिहा ना.’ म्हणजे मागचं दार. त्याचा दुसरा अर्थच होत नाही. आम्ही सूचना लिहिणाऱ्यांना तेवढंच सांगितलं आणि प्रश्न मिटला.

दोन हिवाळे गेले. मधल्या काळात प्रकल्प संपला, माझं जाणं कमी झालं. एका संध्याकाळी मी बससाठी उभी असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. रस्त्यावर गोंगाट होता, वारा होता. वाक्याची सुरुवात मला नीट ऐकूच आली नाही. पण मध्ये एक शब्द आला. टक, टक, ढम्, टक. पुढचं ती बोलायच्या आधीच मला समजलं होतं. मी तशीच उलट दिशेची बस पकडली. मेव्ह्राऊ आणखी काही आठवडे होत्या. मी त्यांना सांगितलं की मला पहिल्यांदाच न चुकता ऐकू आलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘हं.’ हा ‘हं’ मात्र बरोबरचा होता.

मी तेव्हापासून तरुण सहकाऱ्यांना, विशेषतः आपल्याकडून नव्याने आलेल्यांना, एकच गोष्ट सांगते. भाषा येते म्हणजे शब्द येतात असं नाही. समोरचा माणूस कुठे जोर देतोय हे ऐकू आलं की ती येते. आणि ते ऐकू येत नसेल तर ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हणायला लाजू नका. मी आठ वर्षं लाजले आणि एका आजींनी ते एका चमच्यात सोडवलं.

बाई, तुम्ही आम्हाला जोड शोधायला शिकवलंत. जोर ऐकायला मी पुढे दुसरीकडे शिकले. पण फळ्यावर रेघ कोणी तरी आधी मारलेली असावी लागते. ती तुम्ही मारलीत, हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

शेवटी चार डच शब्द सांगते आणि बसते. स्खोलबेल म्हणजे शाळेची घंटा. स्खोलबांक म्हणजे शाळेतला बाक. स्खोलप्लाइन म्हणजे शाळेचं पटांगण. स्खोलफ्रिंडिन म्हणजे शाळेतली मैत्रीण. शेवटचा शब्द दर वेळी निराळा, म्हणून अर्थ निराळा. जोर मात्र चारही शब्दांत एकाच ठिकाणी, शाळेवर.